चक्रं शरीरात सापडत नाहीत, मग असतात कुठे?

खडूफळा
दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात एक प्रसंग सांगितलाय. गंगेतून वाहत आलेलं प्रेत त्यांनी बाहेर ओढलं, चाकूने चिरलं आणि ग्रंथांतलं नाड्या-चक्रांचं वर्णन ताडून पाहिलं. काही जुळेना. प्रेताबरोबर ते ग्रंथही त्यांनी नदीत सोडले. मला ही कृती फार प्रामाणिक वाटते. तरी अजून लोक अमुक चक्र म्हणजे तमुक ग्रंथी असं छातीठोकपणे सांगतात. चक्रं शरीरात नसतील तर हा विषय सोडून का देऊ नये?

वाटसरू
चाकू चालवायची जागाच ती नव्हती. प्रत्येक चक्र कमळासारखं कल्पलंय. कण्याच्या तळाच्या मूलाधारापासून भुवयांमधल्या आज्ञेपर्यंत सहा चक्रांच्या पाकळ्या मोजा: ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज ५०. वर्णमालेतली अक्षरंही तेवढीच, एका पाकळीवर एक. न्यास या विधीत साधक मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करतो, अक्षरं अंगावर ठेवतो. भूतशुद्धी या विधीत तो मनात पृथ्वी जलात, जल अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात विरवतो. खालच्या पाच चक्रांची तत्त्वं हीच. चक्रांचं हे शरीर साधनेनं घडवायचं असतं. प्रेताने कधी न्यास केलाय का?

खडूफळा
मग एकच नकाशा हवा ना! हेवज्रतंत्र या बौद्ध ग्रंथात चक्रं चारच आहेत. आज सगळीकडे दिसणारी रचना मुख्यतः बंगालचे तांत्रिक पूर्णानंद यांच्या १५७७ च्या ग्रंथातली, १९१९ मध्ये इंग्रज न्यायाधीश वुडरॉफ यांच्या इंग्रजी भाषांतराने जगभर गेलेली. त्यातलं मणिपूर, म्हणजे नाभीजवळचं चक्र, पावसाळी ढगासारखं काळंसावळं आहे. पिवळं नाही! इंद्रधनुष्याचे रंग विसाव्या शतकात चिकटले.

वाटसरू
रंगांचं शंभर टक्के मान्य. नकाशे अनेक, कारण देवता आणि मंत्र अनेक. साधना बदलली की मांडणी बदलणारच.

ओवी
तुम्ही दोघं अनुभव बाजूलाच ठेवताय. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी, ते कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू, जागी झाल्यावर देहातले धातूसुद्धा खाते. हे नुसतं अक्षरांचं गणित नाही. दोन वर्षांच्या प्राणायामानंतर कण्यातून वर चढणारी ऊब मी स्वतः अनुभवली आहे.

खडूफळा
ऊब खरीच असेल, मी नाकारत नाही. पण तिच्यावरून कण्यात कमळं आहेत हे ठरत नाही. आणि मी चिडलोय त्याचं कारण सांगतो. माझ्या बहिणीला सतत थकवा होता. एका शिबिरात तिला ‘विशुद्ध चक्र अडकलंय’ म्हणून सांगितलं. आठ महिने ती गळ्यावर ध्यान करत राहिली. शेवटी रक्ततपासणीत थायरॉइडचं निदान झालं.

वाटसरू
ज्याने तिला तसं सांगितलं, त्याला ना वैद्यक कळलं ना तंत्र. विशुद्धाच्या १६ पाकळ्यांवर १६ स्वर आहेत, अ पासून अः पर्यंत. तिथे आवाज आहे, थायरॉइड नाही.