गोडा मसाल्यावर ब्लॉग लिहून ऑर्डरी वाढतील का?

सातारकरीण: घरी गोडा मसाला करून विकते, त्याबद्दल तासन्‌तास बोलेन मी, पण रील्सच्या जमान्यात एवढं लांबलचक कोण वाचणार?

आबा_पुणे: वाचतात हो ताई! रील दोन दिवसांत मागे पडते, लेख गुगलवर वर्षांनीही सापडतो. फक्त "माझा मसाला घ्या" नको, मसाल्यातलं दगडफूल हे फूल नसून शैवाक (बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून झालेलं) आहे, खोबरं नीट भाजलं नाही तर मसाला लवकर खवट होतो, असलं मनापासून लिहा.

मीनल_न्यूजर्सी: अगदी! इथे आमटीची रेसिपी शोधताना मी असंच वाचते आणि ज्यांनी नीट समजावलंय त्यांच्याकडूनच मागवते, पण लेखाखाली वजन, किंमत आणि ऑर्डरचा नंबर हवाच, नाहीतर माणूस वाचून निघून जातो.

सातारकरीण: मग मसाल्यातल्या नागकेशरापासूनच सुरू करते, त्यावर खूप सांगायचंय!