उन्हाळ्यात घरात सायकलच्या इंटरव्हलसाठी रोलर: ८ सेंटिमीटर व्यासाचे ड्रम की ११ चे?

प्रश्न: मे महिन्यात नागपुरात फुटाळा तलावावर सकाळी सहालाच घामाच्या धारा लागतात. घरातच रोलरवर, म्हणजे फिरत्या ड्रमांच्या चौकटीवर सायकल ठेवून, इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं) करीन म्हणतो. रोडबाइक (बारीक टायरची सायकल) आहे. कोणते ड्रम घेऊ? पडायची भीती वाटते.

उत्तर १: भाऊ, एकदोनदा पडशीलच. मी पहिल्या दिवशी दाराच्या चौकटीत रोलर मांडला आणि कोपर घासत पंधरा मिनिटं काढली. नजर पुढच्या चाकावर गेली की गेलोच! समोरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो तेव्हा कुठं जमलं. पुढचा ड्रम पुढच्या चाकाच्या आसाच्या साधारण खाली येईल असा लाव. ड्रम जितका बारीक तितका जोर जास्त, म्हणून इंटरव्हलला ८ चाच घे. ४ मिनिटं जड गिअर, ३ मिनिटं हलका. पण हलक्यातही पाय थांबवू नको, चाक लगेच मंदावतं आन् सायकल डुलते.

उत्तर २: कूलर समोर ठेवा, पण पंप बंद. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही.

प्रश्नकर्ता: आणि खाली घरमालक राहतात, त्याचं काय?

उत्तर १: जाड रबरी चटई अंथर. आन् दुपारी त्यांच्या झोपेच्या वेळी चढू नको बाप्पा.