मदत हवी आहे: ‘डोन्ट पास’वर कॅसिनोचा वाटा नेमका किती धरावा?

लास वेगासच्या कॅसिनोंत दोन फाशांवर खेळल्या जाणाऱ्या क्रॅप्समधील ‘पास लाइन’ (फासे टाकणारा जिंकेल, अशी) पैजेचा हिशेब मला जुळवता आला: 495 पैकी 244 वेळा जीत आणि 251 वेळा हार, म्हणजे 100 डॉलरमागे सरासरी 1.41 डॉलर कॅसिनोच्या गल्ल्यात. गाडे अडते ते ‘डोन्ट पास’वर, म्हणजे फासे टाकणारा हरेल, या उलट पैजेवर. पहिल्याच फेकीत सहा-सहा पडून बारा झाले, तर ही पैज जिंकतही नाही आणि हरतही नाही. पैसे जागेवरच राहतात (कॅसिनोची सारी मेख याच एका दानात दडलेली दिसते). 1980 डावांपैकी अशा 55 बरोबऱ्या हिशेबात धरल्या तर कॅसिनोचा वाटा 1.36 टक्के येतो, वगळल्या तर 1.40. ‘पास लाइन’शी तुलना करताना यांपैकी कोणता आकडा घेणे योग्य ठरेल, याविषयी संभाव्यताशास्त्राच्या जाणकारांनी कारणासह मार्गदर्शन करावे, ही विनंती.