मदत हवी आहे: होडीवरच्या वॉकीटॉकीचे (मरीन व्हीएचएफ) सेल बदलायचेत

होडीवर हातात धरायचा ५ वॉटचा व्हीएचएफ सेट आहे, दहाएक वर्षांचा. रात्रभर चार्ज केला की हिरवा दिवा लागतो, चॅनेल १६ (संकटात हाक द्यायचा) नुसता ऐकत ठेवला तर दोनेक तास टिकतो. पण बोलायचं बटण दाबलं की स्क्रीन फिकट होते आणि सेट बंद. मॉडेल जुनं, कंपनीचा बॅटरी पॅक आता मिळत नाही.

पॅक ७.२ व्होल्टचा, निकेल मेटल हायड्राइड. कडेने करवतीचं पातं फिरवून उघडला. प्लास्टिक वितळवून जोडलेलं, त्यामुळे एक कोपरा उडालाच. आत डबल ए मापाचे ६ सेल. भरल्यावर मोजले तर पाच १.३ व्होल्टच्या आसपास, सहावा जेमतेम ०.४, त्याच्या टोकाला पांढरी भुकटी. चार्जर ठीक आहे, शेजारच्या होडीचा तसाच पॅक त्यावर नीट भरतो.

एकच सेल बदलणं पटत नाही, सहाही बदलणार. लिथियम सुचवू नका, हा चार्जर त्याला चालायचा नाही. सेलच्या मध्ये बारीक थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) आहे, तो तसाच ठेवायचाय. सोल्डरची उष्णता थेट सेलला द्यायची नाही, म्हणून पट्ट्या आधीच वेल्ड केलेले सेल हवेत.

१ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठते, त्याआधी काम उरकायचंय. असे सेल मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात का, की रत्नागिरीत कुणी स्पॉट वेल्डिंग करून देतं? आणि पॅक परत बंद करायला खाऱ्या पाण्यात टिकेल असं काय लावू, इपॉक्सी की सिलिकॉन?