फिरतीवरचा मुक्काम आणि मन : तुमचे अनुभव लिहा

मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीच्या औषधांची माहिती देणारा. एचक्यू (मुख्य ठिकाण) रत्नागिरी, आउटस्टेशन (फिरतीची गावं) राजापूर, कणकवली, सावंतवाडी. महिन्यातल्या दहा-बारा रात्री लॉजवर जातात. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सावंतवाडीत रात्री लाइट गेली, पत्र्यावर पाऊस बडवत होता आणि एकदम छाती धडधडायला लागली. हात गार, तोंड कोरडं. वाटलं, अ‍ॅटॅकच आला. लॉजच्या मॅनेजरने स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल निघाला. ज्या डॉक्टरांपुढे मी एरवी दोन मिनिटं उभ्याउभ्या बोलायचो, त्यांनी त्या रात्री खुर्ची दिली आणि विचारलं, "झोप किती होते? चहा किती होतात?" प्रत्येक दवाखान्याबाहेर थांबताना एक, असे दिवसाला नऊ-दहा होत होते. शेवटचा रात्री आठला. त्या धडधडीला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात, हे तेव्हा समजलं.

प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीतच आहे, मी त्याच गावचा. तरी तिथल्या ओपीडीची पायरी चढायला मला चार महिने लागले. कोणी ओळखीचं बघेल, एवढीच भीती. ते चार महिने फुकट गेले याचं आजही वाईट वाटतं.

दिवसा माणसांत असतो, तेव्हा काही होत नाही. संध्याकाळी सात ते अकरा ही वेळ खायला उठते. तुम्ही त्या वेळेचं काय करता, ते लिहा. नुसतं 'पॉझिटिव्ह राहा' नको.

बँकेच्या ऑडिटवर असते, मूळ चिपळूण

देवगड, मालवणला आठ-आठ दिवस मुक्काम असतो. मुलगा पाच वर्षांचा. रोज त्याच्या झोपायच्या वेळेला व्हिडिओ कॉल करायचे. तो रडायचा, फोन ठेवल्यावर मी रडायचे, आणि उशी भिजली की झोप गेलीच. सासूबाईंनीच सुचवलं, "सकाळी कर गो, शाळेच्या गडबडीत." आता सव्वासातला कॉल असतो. तो मोजे शोधत असतो, मी सांगते खाटेखाली बघ. पाच मिनिटं, पण मी घरात असल्यासारखी असते. रात्री फक्त आवाज पाठवते, गोष्टीचा.

दुसरं, अनोळखी लॉजवर मी कडी तीनदा तपासायचे, पावलं वाजली तरी उठून बसायचे. शेवटी ऑफिसला लेखी दिलं की बायकांना एकटीला मुक्काम नको. आता दोघी जातो. मागायला लाजू नका.

आंबा कॅनिंगच्या मशिनरीची दुरुस्ती करतो

एप्रिल-मे म्हणजे सीझन. मशीन बंद पडलं की मालक डोक्यावर उभा, बाहेर आंब्याच्या क्रेट उन्हात. रात्री रूमवर आलो की दारूची क्वार्टर. आधी थकवा जावा म्हणून, मग झोप यावी म्हणून, मग न घेता हात थरथरायला लागले म्हणून. पहाटे तीनला हमखास जाग यायची आणि नको ते विचार. अशाच एका पहाटे १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारी सेवा, २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात. मराठीत बोललो. पलीकडच्या बाईंनी एकदम सोडू नका, थरथर होते तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, असं बजावलं. हे फार महत्त्वाचं, म्हणून लिहितोय. आता दापोलीकडे काम असलं की संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जातो. ओरडा, बर्फ, टोपल्या, ओली वाळू. माणसांत उभं राहिलं की रूमची आठवण होत नाही. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा मात्र जड जातं.

कुडाळ

मी फिरतीवर गेले की रेल्वेचीच जागा बघते. घाटातल्या गाडीत पोटात गोळा येतो, रेल्वेत येत नाही. एवढंच.

गाडी चालवतंय, कणकवली

माझो मुद्दो येगळो. साहेब लॉजात निजतत, मी गाडयेत. उकाडो, डास, झोप नाय, आणि सकाळी परत घाट चढूचो. मन बिघडता ता आमचाव. कोण इचारता, ड्रायव्हर जेवलो काय?

(धागा काढणारा)

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमचे साहेब महिन्यातून एकदा भाड्याच्या गाडीने येतात, मी त्यांच्यासोबत दोन दिवस फिरतो. ड्रायव्हर रात्री कुठे झोपतो, हे मी आजवर विचारलेलं नाही. येत्या गुरुवारी ते कणकवलीत आहेत. माझ्या रूममध्ये दुसरी खाट असते.