जिप्सीला हेडर बसवल्यापासून पॅकिंग टिकत नाही: कोणतं पॅकिंग, कोणता सीलंट?

जिप्सी_नाशिक
गाडी मारुती जिप्सी किंग, १.३ एमपीएफआय. बिडाचं मूळ मेनिफोल्ड (सिलिंडरमधला जळका गॅस गोळा करणारा भाग) काढून स्टेनलेसचा ४-१ हेडर, म्हणजे चार पाईप एकात मिळणारा, बसवलाय. फ्लँज, म्हणजे इंजिनाच्या हेडला टेकणारी हेडरची पट्टी, ८ मिमी जाड. पॅकिंग बाजारात मिळतं ते ग्राफाइटचं. थंड इंजिन चालू केलं की टिकटिक आवाज, गरम झालं की बराच कमी. १ आणि ४ नंबरच्या पोर्टपाशी हेडवर काजळीचे ओघळ. पॅकिंग बदललं की थोडे दिवस शांत, मग परत तेच. मेकॅनिकचं म्हणणं, दोन पॅकिंग एकावर एक टाकू आणि दोन्हीकडून लाल सिलिकॉन चोपडू. पटत नाहीये. एमएलएस (पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचं) घेऊ, तांब्याचं घेऊ की ग्राफाइटच ठेवू? आणि सीलंट लागतो का मुळात?

थर्ड_गिअर
दोन पॅकिंग अजिबात नको. जाडी दुप्पट म्हणजे दबणंही दुप्पट, नट लगेच ढिले पडतात, आणि दोन पॅकिंगच्या मधली फट ही गळतीची नवीन जागा.

तुमचं उत्तर "१ आणि ४" या दोन आकड्यांतच आहे. हेडर गरम झाल्यावर लांबीत वाढतो, आणि ती वाढ टोकांना दिसते. हिशोब करून बघा. टोकाच्या स्टडमधलं (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे, त्यांवर नट बसतात) अंतर ३०० मिमी धरू. ३०४ स्टेनलेसची फ्लँज ३५० अंशांनी तापली तर सुमारे १.८ मिमी वाढते. अॅल्युमिनियमचं हेड पाण्याने थंड राहतं. ७० अंशांनी तापलं तर अर्धा मिमी. फरक १.३ मिमी, म्हणजे प्रत्येक टोकाला सहा-साडेसहा दशांश मिमी सरक. बिडाच्या मेनिफोल्डला हाच आकडा याच्या निम्मा येतो, म्हणून कंपनीचं पॅकिंग वर्षानुवर्षं टिकत होतं. दर वेळी इंजिन तापताना-निवताना हेडर पॅकिंगवर घासत पुढे-मागे जातो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर तो पॅकिंग फाडतो, नाहीतर स्टड वाकवतो.

म्हणून आधी फ्लँजची भोकं तपासा. एम८ (८ मिमी) स्टडला सगळी भोकं ८.५ची असतील तर दोन्ही टोकांची १०ची करा, त्यांच्या आतली ९.५, मधली तशीच ठेवा म्हणजे हेडर मधे जागेवर राहील. मोठ्या भोकांवर जाड वॉशर लागेल, पातळ असेल तर भोकात बसतो.

आता पॅकिंग. एमएलएस उत्तम, पण त्याला दोन्ही पृष्ठं सपाट आणि गुळगुळीत हवीत. वेल्डिंग केलेल्या हेडरला ते क्वचितच मिळतं. मधे काटेरी पत्रा असलेलं ग्राफाइट थोडं वाकडेपण सांभाळून घेतं, तुमच्यासाठी तेच योग्य. फक्त दोन गोष्टी बघा. पॅकिंगचं भोक पोर्टपेक्षा चहूबाजूंनी १ ते १.५ मिमी मोठं हवं. ग्राफाइट हवेत साधारण ४५० अंशांच्या पुढे जळायला लागतं. कडा गॅसच्या वाटेत आली की तिथूनच खात जातं. आणि एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला मऊ थर असं पॅकिंग मिळालं तर पत्रा हेडरकडे, मऊ बाजू हेडकडे. हेडर पत्र्यावरून सरकतो, पॅकिंग हेडला धरून राहतं. उलटं बसवलेलं कितीदा दिसतं!

फेसिंगवाला
वरच्या पोस्टला जोड. वेल्डिंगनंतर फ्लँजची टोकं हेडपासून उचललेली असतात, हे जवळपास ठरलेलं. हेडर काढा, सरळ पट्टी फ्लँजवर आडवी आणि तिरपी ठेवा, खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.१० मिमीचं पातं जात नसेल तर काहीच करू नका. ०.२०पर्यंत ग्राफाइट निभावून नेईल. त्यापुढे फेसिंग मारल्याशिवाय, म्हणजे पृष्ठ सपाट करून घेतल्याशिवाय, गत्यंतर नाही.

लांब पाईपांमुळे हेडर सरफेस ग्राइंडरवर बसत नाही. मिलिंगवाला असेल तर उत्तम; नसेल तर १२ मिमी काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि फ्लँज त्यावर आठच्या आकड्यात घासा. आधी फ्लँजवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा ओढा, म्हणजे कुठे लागतंय ते कळतं. सगळ्या रेघा गेल्या की थांबा. पोर्टच्या आतल्या कडेला वेल्डचा गोळा पृष्ठाच्या वर आला असेल तर तो आधी काढा, नाहीतर सगळी फ्लँज त्याच्यावरच डोलते.

काही जण पोर्टच्या मधे फ्लँज कापून चार तुकडे मोकळे करतात. ताण जातो हे खरं, पण मग प्रत्येक पोर्ट आपापल्या कोनात बसतो. आधी भोकं मोठी करून बघा, कापणं शेवटचं.

काजळी_आणि_मी
सीलंटबद्दल. भार असताना पेट्रोल इंजिनच्या पोर्टमधून ७०० ते ८५० अंशांचा गॅस निघतो. लाल आरटीव्ही, म्हणजे मेकॅनिकचं ते लाल सिलिकॉन, सुमारे ३४० अंशांपर्यंत, तांब्याच्या रंगाचं ३७०पर्यंत, तेही थोडा वेळ. म्हणजे हेडच्या तोंडाशी ते जळणार, आणि त्याआधी पॅकिंगला वंगणासारखं काम करून बाहेर ढकलणार. ग्राफाइट कोरडंच बसवा. वर ऑक्सिजन सेन्सरचा प्रश्न आहे: साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरला मारते. कुठे आरटीव्ही वापरलंच तर ट्यूबवर सेन्सर-सेफ लिहिलेलं घ्या.

सायलेन्सर पेस्ट, म्हणजे सोडियम सिलिकेटची, तापमान सोसते पण काचेसारखी ठिसूळ होते. पाईपात पाईप जातो त्या सांध्याला चालते: पातळ थर, क्लॅम्प घट्ट, मग दहा मिनिटं आयडलवर. लगेच रेस केलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगे येतात. सरकणाऱ्या फ्लँजवर ती पहिल्याच फेरीत तडकते. एम-सीलचा विचारही करू नका.

जिप्सी_नाशिक
भोकं खरंच ८.५ आहेत, सगळीच. पट्टीखाली टोकाला ०.२५चं पातं जातंय. तांब्याचं कुणी बोललं नाही? शिवाय दोन नट स्टडसकट निघाले.

थर्ड_गिअर
तांबं जळत नाही, पुन्हा वापरता येतं, पण ग्राफाइटइतकं दबत नाही, त्यामुळे ०.२५च्या फटीवर त्याचा उपयोग नाही. फेसिंगनंतर वापरायचं तर १.५ मिमी पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतो. दर वेळी काढल्यावर हे परत करावं लागतं, कारण दबून तो कडक झालेला असतो. माझं मत: रोजच्या गाडीला ग्राफाइट.

निघालेले स्टड परत लावू नका, सगळे नवीन घ्या. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे टॅपने साफ करा. स्टेनलेस स्टडवर स्टेनलेस नट नको, एकमेकांत अडकून बसतात. तांब्याचा मुलामा असलेले नट घ्या. नटाच्या आट्यांना निकेल अँटीसीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट). एम८ला कोरडे २० ते २५ न्यूटन-मीटर (मॅन्युअलमधला आकडा अंतिम). अँटीसीझ लावल्यावर त्यातून वीस टक्के कमी करा, नाहीतर स्टड ताणला जातो. मधून बाहेर, तीन फेऱ्यांत: १०, १५, मग पूर्ण. इंजिन एकदा पूर्ण तापवून रात्रभर निवू द्या आणि थंड असतानाच एकदा परत पाना लावा. ग्राफाइटला हे लागतंच. गरम असताना कधीच नाही.

फेसिंगवाला
हेडरचं वजन कशावर आहे तेही बघा. इंजिन रेस केल्यावर बाजूला झुकतं, आणि मागचा पाईप चॅसिसला घट्ट बांधलेला असेल तर तो झटका थेट पॅकिंगला बसतो. कलेक्टरनंतर, म्हणजे चारही पाईप मिळतात त्या जागेनंतर, फ्लेक्झिबल पाईप आणि गिअरबॉक्सला एक ब्रॅकेट. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घालायची असेल तर लाल झालेला हेडर एकदम पाण्यात बुडवू नका, फ्लँज परत वाकडी होईल.

बसवून झालं की इंजिन थंड असतानाच तपासा. व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकायचा पाईप सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून लावा, फ्लँजच्या कडेने साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले तर तिथेच गळतंय. हवेचा कॉम्प्रेसर मात्र लावू नका, दाब जास्त होतो.

जिप्सी_नाशिक
आभार. शनिवारी मिलिंगवाल्याकडे नेतो, स्टड आणि नट सांगून ठेवलेत. मूळ मेनिफोल्डही भंगारात देत नाही.