कोब्राच्या प्रतिकृतीसाठी इंजिन: स्मॉल ब्लॉक की बिग ब्लॉक?

सांगलीचा_पाना:

नमस्कार मंडळी,

१९६० च्या दशकातील शेल्बी कोब्रा या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती स्वतःच्या गॅरेजमध्ये जोडायची, हे गेली कित्येक वर्षे मनात आहे आणि या उन्हाळ्यात किट मागवण्याइतकी जुळवाजुळव झाली आहे. मी सान होजेला राहतो. वडिलांचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचे वर्कशॉप होते, त्यामुळे हात काळे करण्याची सवय आहे. परंतु अमेरिकन व्ही-८ इंजिन आजवर एकदाच, तेही मित्राच्या मदतीला म्हणून, उघडले आहे. किट मॅसॅच्युसेट्सच्या फॅक्टरी फाइव्ह रेसिंगचे घेणार आहे. बॉडी १९६५ च्या ४२७ (घन इंचांच्या इंजिनाच्या) कोब्रासारखी, म्हणजे रुंद मडगार्डांची आणि बाजूने एक्झॉस्ट निघणारी.

अडले आहे ते इंजिनापाशी. पहिला पर्याय १९९० च्या मस्टँगमधून काढलेल्या ३०२ घन इंचांच्या, म्हणजे 'पाच लिटर' म्हणून विकल्या गेलेल्या इंजिनाचा आहे आणि त्याच्यासोबत टी-५ गिअरबॉक्सही मिळतो आहे. दुसरा पर्याय म्हणजे एका गृहस्थांकडे बरीच वर्षे ताडपत्रीखाली पडून असलेले फोर्डच्या जुन्या एफई मालिकेचे बिग ब्लॉक. ते ४२८ आहे असे ते सांगतात आणि त्याचे एक हेड आधीच उतरवलेले आहे. बाहेर ४२७ चा बिल्ला आणि आत ३०२, हे मनाला पटत नाही. परंतु गाडी मुख्यतः रविवारी सकाळी सांताक्रूझच्या डोंगरातील वळणांवर आणि वर्षातून एखाद-दोन वेळा लगुना सेकाच्या ट्रॅकवर फिरणार आहे, पत्नीलाही ती चालवायची आहे, त्यामुळे केवळ बिल्ल्यासाठी चूक करायची इच्छा नाही. वजन, गिअरबॉक्स आणि उष्णता या तीन बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घनइंच:

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण तुमचा निम्मा पेच त्यातूनच आलेला दिसतो. स्मॉल आणि बिग ही नावे इंजिनाच्या क्षमतेची नसून लोखंडी ब्लॉकच्या देहाची आहेत. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधील अंतर फोर्डच्या विंडसर स्मॉल ब्लॉकमध्ये (तुमचे ३०२ याच कुळातले) ४.३८ इंच, एफईमध्ये ४.६३ इंच आणि नंतरच्या ४२९/४६० मध्ये ४.९० इंच आहे. या अंतरात जेवढा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि क्रँककेसमध्ये जेवढा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) मावेल, तेवढे घन इंच त्या ब्लॉकमधून निघतात.

म्हणूनच ३५१ विंडसरच्या मूळ ब्लॉकमध्ये ४ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवून बोअर ०.०३० इंच वाढवला की ४०८ घन इंच मिळतात, आणि जाड भिंतींचा नवा ब्लॉक घेऊन बोअर ४.१२५ इंच केला की त्याच बाह्य आकारात पूर्ण ४२७ होतात. बिल्ला खरा ठरवायचा असेल, तर त्यासाठी बिग ब्लॉकची गरज नाही.

आता वजन. पूर्ण लोखंडी ३०२ साधारण २१० किलो भरते, ३५१ विंडसर २३५ च्या आसपास आणि लोखंडी एफई सुमारे २९५ किलो. तयार गाडी हजार-अकराशे किलोची होणार आणि कोब्राचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) अवघा ९० इंच आहे. एवढ्या आखूड गाडीच्या नाकावर ८५ किलो जास्त बसले की डोंगरातल्या उताराच्या वळणावर, ब्रेक सोडून स्टिअरिंग वळवण्याच्या क्षणी, ते कळल्यावाचून राहत नाही. शेल्बीच्या लोकांनाही ते कळले होते. १९६२ ची पहिली कोब्रा २६० घन इंचांची होती, नंतर २८९ आले, आणि ४२७ घालायची वेळ आली तेव्हा मूळ ३ इंची नळ्यांची, पाटा स्प्रिंगांची चासी पुरेना म्हणून ४ इंची नळ्यांची, कॉइल स्प्रिंगांची नवी चासी करावी लागली. गंमत अशी की १९६५ ची जीटी गटाची जागतिक स्पर्धा शेल्बीने जिंकली ती २८९ च्या डेटोना कूपेवर. ४२७ ला त्या हंगामासाठी वेळेत मान्यताच मिळाली नाही.

तुम्हाला मिळणारे ३०२ फोर्डच्या आकड्यांप्रमाणे २२५ अश्वशक्ती आणि ३०० फूट-पाउंड टॉर्क देते. मस्टँगमध्ये ते साधारण साडेचौदाशे किलो ओढत होते, येथे त्याला त्याच्या तीन-चतुर्थांश वजन ओढायचे आहे. पहिल्या गाडीसाठी हे कमी नाही.

मोबिल_गळती:

घनइंच यांचे आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांनी एफईला अगदीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, म्हणून वकीलपत्र घेतो. माझ्याकडे टेक्ससमध्ये नऊ वर्षे एफई असलेली प्रतिकृती आहे.

त्या वजनातला बराच भाग कमी करता येतो. एफईचे मूळ लोखंडी इनटेक मॅनिफोल्ड एकटेच ३५ किलोंच्या पुढे जाते, कारण ते इतके रुंद आहे की व्हॉल्व्ह कव्हरची आतली कड त्याच्यावरच टेकते आणि पुशरॉडही त्याच्यातूनच जातात. ते आणि दोन्ही हेड अल्युमिनियमची घेतली, तर वजनाचा फरक निम्म्याने तरी आटोक्यात येतो. शिवाय मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर, चौथ्या गिअरमध्ये, पाय नुसता टेकवला की गाडी ज्या शांतपणे पुढे सरकते, तो अनुभव ३०२ कडून येत नाही. आणि बॉनेट उघडल्यावर जे दिसायला हवे ते दिसते, हे कारण हसण्यावारी नेऊ नये. आपण किट कार उपयोगासाठी थोडीच जोडतो?

मात्र टी-५ विसरा. १९६८ च्या ४२८ कोब्रा जेटचा जाहीर टॉर्क ४४० फूट-पाउंड होता आणि टी-५ चा सर्वांत तगडा प्रकारही ३३० पर्यंतच पात्र मानला जातो. तुम्हाला ट्रेमेकचा टीकेएक्स गिअरबॉक्स घ्यावा लागेल. एफईचा बेलहाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचा) बोल्ट-साचा वेगळा असल्याने बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, माउंट, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) आणि ऑइल पॅन हे सगळे नव्याने जमवावे लागते. फॅक्टरी फाइव्हच्या किटची मूळ कल्पनाच जुन्या मस्टँगचे भाग वापरण्याची होती, त्यामुळे ३०२ तिच्यात घरच्यासारखे बसते आणि एफई पाहुण्यासारखे. उष्णतेचे म्हणाल, तर डाव्या बाजूचा हेडर चालकाच्या पायांच्या पेटीला लागूनच जातो. ऑगस्टमध्ये पातळ तळव्याचे बूट घालून मी एकदाच बसलो. पेटीच्या दोन्ही अंगांनी उष्णतारोधक लावणे दोन्ही इंजिनांना आवश्यक आहे, एफईला थोडे अधिक.

क्रँकशाफ्ट:

इंजिन कोणते चांगले, यापेक्षा मला 'ताडपत्रीखालचे ४२८' या शब्दांची अधिक काळजी वाटते. एफई मालिकेत ३५२, ३९०, ४२७, ४२८ ही सर्व इंजिने बाहेरून जवळपास सारखी दिसतात आणि ब्लॉकवर ओतलेल्या खुणांवर विसंबता येत नाही. स्ट्रोक मात्र खोटे बोलत नाही. ३९० चा स्ट्रोक ३.७८ इंच, म्हणजे ९६ मिमी, आणि ४२८ चा ३.९८ इंच, म्हणजे १०१ मिमी. एक हेड उतरलेलेच आहे, तेव्हा क्रँक हाताने फिरवून पिस्टन सर्वांत वर आणि सर्वांत खाली असताना ब्लॉकच्या माथ्यापासून खोली मोजा. पाच मिलिमीटरचा फरक साध्या डेप्थ गेजनेही कळेल. तेच ३५२ निघाले, तर स्ट्रोक ३.५० इंच भरेल.

ते खरोखर ४२८ निघाले, तर आणखी एक खबरदारी घ्या. ४२८ चे संतुलन बाहेरून, म्हणजे फ्लायव्हीलवरील वजनाने साधलेले असते, तर ३९० चे आतूनच. ३९० चे फ्लायव्हील ४२८ ला बिनतक्रार बसते आणि नंतर सगळी गाडी थरथरते. ३०२ वालेही या जाचातून सुटलेले नाहीत. जुन्या ३०२ ला २८ औंस-इंचाचे असंतुलन लागते, १९८० च्या दशकापासूनच्या ५.० ला ५० चे.

कॅमचाही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचाही, विचार करा. तुमच्या १९९० च्या ५.० मध्ये कारखान्यातूनच रोलर कॅम आहे. जुन्या एफईमध्ये सपाट टॅपेट असतात, त्यांना जस्ताचे प्रमाण चांगले असलेले तेल लागते, आणि नवा कॅम बसवल्यानंतरची पहिली वीस मिनिटे इंजिन दोन हजारांच्या वर फिरवत ठेवावे लागते, नाहीतर लोब, म्हणजे कॅमवरचे उंचवटे, झिजतात.

नोंदणीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. कॅलिफोर्नियात एसबी-१०० कायद्याखाली दरवर्षी ५०० गाड्यांना प्रदूषणाच्या अटी बॉडी किंवा इंजिन ज्या सालच्या नमुन्याशी जुळते त्या सालाप्रमाणे लावून घेता येतात. म्हणजे कार्बोरेटर दोन्हींना चालेल आणि इंजिनाची निवड त्यावर अवलंबून राहणार नाही. ५०० चा आकडा लक्षात ठेवून कागद जानेवारीपूर्वी तयार ठेवावेत, एवढेच.

सांगलीचा_पाना:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल डेप्थ गेज घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो होतो. तीन सिलिंडर मोजले आणि तिन्हींचा स्ट्रोक ९६ मिमी भरला. त्यांनाही खरोखर ठाऊक नसावे असे वाटले. त्यांनी ते ४२८ म्हणूनच विकत घेतले होते आणि त्यांचा चेहरा पाहून मलाच अपराधी वाटले. मोबिल_गळती यांची क्षमा मागून एफईचा नाद सोडतो आहे.

आता मन ३५१ विंडसर घेऊन त्याचे ४०८ करण्याकडे झुकते आहे. १९९० चे ३०२ घेतले, तर त्याचे सगळे हेडर आणि मॅनिफोल्ड पुढे ३५१ ला चालतील का? तसे असेल, तर आधी ३०२ वर गाडी चालती करून दोन वर्षांनी इंजिन बदलता येईल.

घनइंच:

चालणार नाहीत. ३०२ च्या ब्लॉकची उंची ८.२ इंच आहे आणि ३५१ विंडसरची ९.५, त्यामुळे दोन्ही हेड एकमेकांपासून दूर आणि वर जातात. इनटेक मॅनिफोल्ड वेगळे लागते आणि हेडरही ३५१ साठीचेच मागवावे लागतात. बेलहाउसिंग मात्र दोन्हींना एकच बसते. तेव्हा ३०२ वर सुरुवात करायची असेल, तर जरूर करा, पण गिअरबॉक्स आत्ताच टीकेएक्स घ्या आणि टी-५ विकून टाका. इंजिन बदलताना बॉडीखालून गिअरबॉक्स दुसऱ्यांदा काढावा लागला, तर पत्नीला गाडी चालवायला मिळण्याची तारीख आणखी एक उन्हाळा पुढे जाईल.

मोबिल_गळती:

क्षमा केली. त्या गृहस्थांना ३९० विकायचेच असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. ३९० च्या ब्लॉकमध्ये ४२८ चा क्रँक बसतो, आणि माझ्याकडे एक पडून आहे.